होडी सोडली का?

आमच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला सगळे शूबाई म्हणतात. तोंडावर नव्हे, तेवढी छाती कोणाची नाही. तिने ओठांवर बोट ठेवून नुसतं "शूऽऽ" केलं की वाचनकक्षातला खोकलासुद्धा घशातल्या घशात जिरतो. मी घड्याळं दुरुस्त करतो आणि दुपारी दुकान बंद करून पेपर चाळायला तिथे जातो. एकदा माझ्या खिशात गिऱ्हाइकाचं घड्याळ होतं, त्याचा गजर वाजला. बाईने मला घड्याळासकट बाहेर काढलं. गजर थांबल्यावर आत घेतलं खरं, पण पुढे कितीतरी दिवस ती माझ्याकडे असं बघायची, की मी जसा काही बँडबाजाच घेऊन आलो होतो.

या बाईला संध्याकाळी ज्याने ऐकलं नाही, त्याला माझं बोलणं खोटं वाटेल. तिचं घर माझ्या घरासमोर, मधे अरुंद गल्ली. तिची सासू, म्हणजे आमच्या गल्लीची आजी, कानाने पार गेलेली. श्रवणयंत्र एकदा लावून बघितलं तिने. "आत कोणीतरी भांडी घासतंय," म्हणाली आणि काढून ठेवलं ते कायमचं. पण गोष्टींचं वेड असं, की रोज काहीतरी वाचून दाखवल्याशिवाय जेवायला बसत नाही. मग शूबाई ग्रंथालयातून येते, हातपाय धुते, पुस्तक उघडते आणि गळ्याच्या शिरा ताणून वाचायला लागते. समोर आम्ही खिडकीशी खुर्च्या ओढून बसतो. फुकटात कादंबऱ्या ऐकून ऐकून माझी बायको आता मला भाषाशैलीवर बोल लावते. दिवसभर दाबून ठेवलेला आवाज ही बाई संध्याकाळी व्याजासकट वसूल करते.

आजीची सगळ्यांत लाडकी एका होडीवालीची कादंबरी. दोन भाग आहेत. होडीवालीची मुलगी भांडून नदीपलीकडे निघून जाते. दुसऱ्या भागाच्या शेवटी ती पलीकडच्या काठावर येऊन "आईऽऽ" अशी हाक मारते, होडीवाली होडी बांधलेल्या दोराला हात घालते आणि पुस्तक तिथेच संपतं. तिसरा भाग लेखिकेने लिहिलाच नाही. मला विचाराल तर ही वाचकाची शुद्ध फसवणूक आहे. आम्ही एखादं घड्याळ असं अर्धवट जोडून दिलं तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेईल.

आजी मात्र त्या दोरापाशीच अडकून बसली होती, आणि त्याला कारण होतं. तिची स्वतःची मुलगी, म्हणजे शूबाईची नणंद, अशीच गेलेली. पोरीला लांबच्या शहरातली नोकरी हवी होती, आजीला पोर डोळ्यांसमोर हवी होती. शब्दाने शब्द वाढला आणि "गेलीस तर परत उंबरा चढू नकोस," असं आजी बोलून बसली. पोरही त्याच आईची. नाही चढली. तिचा फोन यायचा तो वहिनीला, स्वयंपाकघरात, दार लोटून. शूबाईला कुजबुजायची सवय ग्रंथालयाने लावली की त्या स्वयंपाकघराने, कोण जाणे.

पूर्वी आजी म्हणायची, "कशाला सोडायची होडी? स्वतःच्या पायांनी गेली ना?" गल्लीभर ऐकू जायचं. अलीकडे पुस्तक मिटलं की ती विचारायची, "सोडली असेल का गं?"

अशातच ग्रंथपालांनी फळ्यावर सूचना लावली. मोठ्या शहरातला साहित्य महोत्सव आपल्या सभागृहातल्या पडद्यावर थेट दिसणार. शेवटच्या दिवशी होडीवालीच्या लेखिकेची मुलाखत. जोडलेल्या प्रत्येक ग्रंथालयाला एक प्रश्न विचारता येणार. शूबाई तडक त्यांच्या खोलीत गेली आणि प्रश्न मीच विचारणार म्हणून सांगून आली. इतक्या हळू, की ग्रंथपालांना दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

संध्याकाळी गल्लीत मला गाठून म्हणाली, "काका, त्या 'सोडली' म्हणाल्या ना, तर आई वन्संना फोन करतील बघा. आई माझं ऐकत नाहीत, स्वतःच्या मुलाचं ऐकत नाहीत, पण पुस्तकाचं ऐकतात."

"आणि 'नाही सोडली' म्हणाल्या तर?"

"जरा शुभ बोला हो!" म्हणाली आणि तिचे डोळेच भरून आले. मी जीभ चावली.

त्या दिवशी ग्रंथालयात लगीनघाई होती. वाचनकक्षातल्या, कचेरीतल्या, होत्या नव्हत्या तेवढ्या खुर्च्या सभागृहात आणल्या. ग्रंथपाल स्टुलावर चढून पडद्यावरचा कॅमेरा सारखा करत होते. आपण तिकडच्या लोकांना दिसणार म्हटल्यावर ज्यांच्या डोक्यावर चार केस होते त्यांनीही भांग पाडले होते. मी ठेवणीतला कोट काढला. आजीने स्पीकरच्या खोक्याला खेटून खुर्ची मागून घेतली आणि त्यावर कान टेकून बसली. शूबाई नुसती आत-बाहेर करत होती. तिचे ओठ हलत होते. प्रश्न पाठ चालला होता.

पडदा उजळला. लेखिका दिसल्या. पांढरे केस, हातात काठी, तोंडभर हसू. पहिला मान दुसऱ्या एका ग्रंथालयाचा होता. तिथल्या लोकांनी टाळ्या काय वाजवल्या, हात काय हलवले! एका गृहस्थांनी प्रश्न म्हणून जे सुरू केलं ते भाषणच होतं. मग सूत्रसंचालकाने आमच्या ग्रंथालयाचं नाव घेतलं. शूबाई माईक घेऊन उभी राहिली.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात आम्ही आम्हाला दिसलो. गच्च भरलेलं सभागृह, हाताची घडी, ओठ मिटलेले. वर्षानुवर्षं बाईच्या हाताखाली तयार झालेले आम्ही. टाळी नाही, खाकरणं नाही, हूं नाही की चूं नाही. आणि बाई? ती ग्रंथालयाच्या चार भिंतींत उभी होती. तिने प्रश्न विचारला तो ग्रंथालयातल्या आवाजात. माईकलाही पत्ता लागला नाही.

सूत्रसंचालक डोळे बारीक करून बघत राहिला. "हॅलो? अरेरे, चित्र अडकलेलं दिसतंय. फोटोच झालाय. संपर्क तुटला बहुतेक."

आता हात हलवायला काय झालं होतं? पण शपथेवर सांगतो, एकही माणूस हलला नाही. माझा हात घडीतून उचलला गेला आणि सवयीने परत घडीत जाऊन बसला. बाई पुन्हा कुजबुजली. तिकडे सूत्रसंचालक म्हणाला, "वेळ थोडा आहे, आपण पुढच्या ग्रंथालयाकडे जाऊ या."

तेव्हा शूबाईने मागे वळून आजीकडे पाहिलं. आजी खोक्याला कान लावून, तोंड उघडं टाकून वाट बघत होती.

"थांबाऽऽ!"

तो संध्याकाळचा आवाज होता. खिडकीच्या काचा थरथरल्या. पडद्यावर सूत्रसंचालकामागे बसलेल्या तंत्रज्ञाने कानांवरचे हेडफोन ओरबाडून काढले. बाई गरजली, "चालू आहे! सगळं चालू आहे! आम्ही जिवंत आहोत! गप्प बसलोय, कारण हे ग्रंथालय आहे!"

तिकडे हशा पिकला. लेखिकाबाई तर काठी आपटून हसल्या. "बोला बाई, बोला," म्हणाल्या.

"माझ्या सासूबाईंना कमी ऐकू येतं. मी त्यांना तुमची कादंबरी मोठ्याने वाचून दाखवते, कितीदा वाचली त्याला गणती नाही. त्यांना एवढंच विचारायचंय, होडी सोडली का?"

लेखिकेचं हसू हळूहळू मावळलं. "म्हणून तर तिसरा भाग अडलाय," त्या म्हणाल्या. "मलाच ठरवता येत नाहीये. कधी वाटतं सोडावी, कधी वाटतं त्या बाईच्या हातून ते होणार नाही. तुमच्या सासूबाईंना विचारा ना. त्यांचं काय म्हणणं आहे?"

शूबाईचा चेहरा खर्रकन उतरला. ज्या उत्तरावर सगळी भिस्त, तेच फिरून आमच्या दारात आलं होतं. पण करणार काय! ती आजीजवळ गेली, खाली वाकली आणि ओरडली, "आई, त्यांना माहीत नाही! त्या तुम्हालाच विचारतायत, सोडू का म्हणून!"

"मला काय विचारते? लिहिणारी ती ना?" आजी फणकारली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. कोपऱ्यातल्या चौकोनात पुन्हा आमचा फोटो झाला, पण या वेळी तिकडून कोणी काही बोललं नाही.

"सोड म्हणावं," आजी म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज, त्याला माईक कशाला लागतो? "दोर भिजून भिजून गाठ घट्ट बसली असेल. हाताने सुटायची नाही आता. काप म्हणावं दोर, पण होडी सोड. ती पोर कधीची उभी आहे तिकडे."

"बरं, आजी," लेखिका म्हणाल्या. "सोडते."

आणि आमच्या ग्रंथालयात टाळ्या वाजल्या. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, ग्रंथपाल स्टुलावरून वाजवत होते, मी हात लाल होईपर्यंत वाजवल्या. शूबाई एकदाही शू म्हणाली नाही. ती रडत होती.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" आजी सुनेकडे वळली. "तू फोन लाव. दार लोटून बोलतेस ते मला ऐकू येत नाही, पण दिसतं हो मला!"

"फोनवर बोलू नये" या पाटीखाली उभं राहून शूबाईने नंबर लावला. फोनचा स्पीकर चालू केला आणि आजीच्या तोंडापुढे धरला.

"मी बोलतेयऽऽ!" आजी नदीपलीकडे हाक मारावी तशी ओरडली. "आई बोलतेयऽऽ! ऐकू येतंय का गंऽऽ?"

फोनमध्ये कोणीतरी नाक ओढलं. मग बारीक, घोगरा आवाज आला, "आई, एवढं ओरडू नकोस गं. ऐकू येतंय मला."

"काय म्हणते?" आजीने आमच्याकडे पाहिलं. "काय म्हणते ती?"

शूबाईने सांगायला तोंड उघडलं, पण रोज गल्ली दणाणून सोडणारा तिचा आवाज फुटेना. तेव्हा सबंध सभागृह, वर्षानुवर्षं गप्प बसवलेले आम्ही सगळे, एका दमात ओरडलो, "आजीऽऽ! ऐकू येतंय म्हणतेऽऽ!"