मामांचा नीटनेटका दमा

दमा इतक्या टापटिपीने सांभाळणारा माणूस मुंबईच्या उपनगरांत दुसरा सापडायचा नाही, हे मी आमच्या मामेसासऱ्यांबद्दल पैजेवर सांगतो. मामा घाटकोपरच्या टेकडीवर राहतात आणि पायथ्याशी पिठाच्या गिरणीत दळणं दळतात. दमेकऱ्याने पिठाच्या गिरणीत काम करावं का, असं नात्यातल्या प्रत्येकाने त्यांना एकदा तरी विचारून झालंय. त्यावर त्यांचं धान्यवार उत्तर तयार असतं. "गव्हाचा माका काय एक होणा नाय. ज्वारी जरा तरास देता. आणि बेसनाचा म्हणशात, तर तां दिवाळीपुरताच." वडील कापडगिरणीत, स्वतः पिठाच्या गिरणीत, घराण्यात गिरणी हवी एवढाच त्यांचा आग्रह. संध्याकाळी टेकडीच्या पायऱ्या चढताना ते चार ठिकाणी थांबतात, पण दम लागला म्हणून थांबलो हे कबूल करणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. पहिल्या थांब्यावर चपलेचा अंगठा तपासतात, दुसऱ्यावर कुणाच्या तरी तुळशीची विचारपूस करतात, तिसऱ्यावर विमान बघतात, विमान नसलं तरी. चौथ्यावर काहीच सुचलं नाही, तर ज्या बाईच्या दारात उभे असतील तिला "काय गो, जेवलंस?" असं विचारतात, मग पाच का वाजलेले असेनात.

डॉक्टरी शास्त्राप्रमाणे त्यांना दोन पंप हवेत, एक रोज ओढायचा आणि एक अडीनडीचा. गिरणीच्या पगारात रोजचा बसत नाही, म्हणून ते अडीनडीच्या एकावरच भागवतात आणि तोही अत्तरासारखा जपून, लग्नाबारशाला जाताना वापरतात. अशात सरकारी विमा योजनेचं कार्ड आलं. मामांनी ते लॅमिनेट करून घेतलं, पाहुण्यांना लांबून दाखवलं, आणि एके दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून हॉस्पिटलातल्या योजनेच्या खिडकीवर हजर झाले. खिडकीतल्या मुलीने समजावलं की दाखल व्हावं लागलं तर खर्च योजनेतून होईल, पण घरी ओढायच्या पंपाचा नाही. मामांनी शांतपणे खात्री करून घेतली. "म्हंजे मराक टेकलंय तर सरकार येतला. आणि मराक टेकूचा नाय म्हणान औषध होया, तर ता माझा मी बघूचा?" ती बिचारी म्हणाली, "काका, नियम मी नाही हो केले." मामांना तिचं म्हणणं पटलं. त्यांनी कार्डावर राग धरला नाही. उलट सगळ्या आळीचे फॉर्म स्वतः भरून दिले. आज टेकडीवरचा कुणीही केव्हाही बिनघोर दाखल होऊ शकतो.

त्याच मुलीने जाता जाता सांगितलं होतं की दर बुधवारी वरच्या मजल्यावर दम्याची वेगळी ओपीडी असते. तिथल्या डॉक्टरांना गरज पटली आणि रजिस्टरात नाव लागलं, की रोजचा पंप महिन्याच्या महिन्याला फुकट मिळतो. मामा तीनदा गेले आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आले. वर चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचा आनंद. "डॉक्टरान सांगल्यान, छाती एकदम साफ." खरा प्रकार मामींकडून कळला. हॉस्पिटलच्या फाटकाशी पोचलं की मामा केसांवरून कंगवा फिरवायचे, कॉलर नीट करायचे आणि पंपाचे दोन झुरके घेऊन मगच आत जायचे. मामींनी टोकलं तर म्हणायचे, "शिकल्या-सवरल्या माणसासमोर सूं सूं करीत बसाचा? बरा दिसता काय ता?"

चौथ्या बुधवारी मामींनी मला सोबत बोलावलं आणि मामा आंघोळीला गेलेले पाहून पंप माझ्या हातात ठेवला. "ह्यो तुमच्याकडे ऱ्हवांदे. मागले तरी देव नका. काय झालाच तर हॉस्पिटलातच तर आसंव." फाटकाशी मामांनी वरचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही. मामींकडे बघितलं, तर त्या थुंकण्यास मनाई असल्याची पाटी मन लावून वाचत होत्या. माझ्याकडे बघितलं, तर मीही तीच पाटी वाचत होतो. मामा जिना चढले, दीड तास रांगेत बसले, आणि नंबर लागला तेव्हा त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं स्वतःचं नावसुद्धा त्यांना एका दमात सांगता येईना. छातीचा आवाज दाराशी उभ्या असलेल्या मला ऐकू येत होता. त्यांना वाफ द्यायला घेत बाईंनी विचारलं, हे कधीपासून? उत्तर मामींनी दिलं. "अकरा वरसां झाली. रात्री आडवे होणत नाय. भिंतीक टेकान बसतत." टेकडीवरच्या त्या चार थांब्यांची नक्कल मी घरच्या प्रत्येक लग्नात करत आलो होतो आणि सगळ्यात जास्त मामाच हसायचे. मला माझीच लाज वाटली.

नाव रजिस्टरात लागलं, रोजचा पंप मिळाला. बाहेर बाकावर बसल्यावर मी खिशातला पंप काढून मामांच्या हातात दिला आणि बोलणी खायची तयारी ठेवली. त्यांनी तो घेतला, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावयबापू, तुमच्यासमोर असा होवक नको होता."

आता मामा रात्री आडवे झोपतात, असं मामी सांगतात. माझ्याशी मात्र मामा अजून जरा अवघडूनच बोलतात. ते पूर्वीसारखे मोकळे होतील म्हणून मी वाट बघतो आहे.