डावखुऱ्या इस्तारीची गोधडी

नागभीडकडच्या आमच्या गावात इस्तारी ढिवराचा फोटो कधी कोणी काढला नव्हता. ५४ साली तो वारला. त्याच्या लेकीनं, कुंतानं, त्याचीच जुनी धोतरं जोडून गोधडी केली आणि मधोमध काळ्या दोऱ्यानं बाप शिवला. कमरेएवढ्या पाण्यात उभा, जाळ्याची कड दातांत धरलेली, जाळं आता फेकणार असा. शिवायला तिला वर्ष लागलं.

धुऊन तिनं ती तलावाच्या पाळीवर वाळत घातली. दुसऱ्याच्या कामात चूक काढायची खोड असलेले गुणवंतराव थांबले. म्हणाले, "जाळं डाव्या हातात काऊन दिलं? उसवून नीट कर."

"माहा बाप डावखुरा होता," कुंता म्हणाली. "एक टाका उसवणार नाई."

इस्तारीसोबत जन्मभर मासे धरलेला गोविंदा तिथंच जाळं झटकत होता.

"पोरीनं बरोबर शिवलं," तो म्हणाला. "आमी रांगेत उभं राहून जाळी फेकतो. याचं जाळं उलट्या बाजूनं जाये, आमच्या जाळ्यांत अडके. म्हणून हा सदा रांगेच्या टोकाले, काठावरच्या त्या मोहाच्या झाडाखाली उभा राहे."

मग जाळं खांद्यावर टाकत म्हणाला, "वर्ष झालं. मोहाखाली अजून कोणी उभं राह्यलं नाई."