चांदीचा जोड आणि आमचे नामदेवराव

प्रयोगशाळेत तीनच माणसं असली म्हणजे किस्से कमी होतात, असं काही नाही. आमच्याकडं आठवड्याला एक घडतो, आणि त्यातला निम्मा मला कळतच नाही.

वर्षा मॅडम पीएचडी करायल्यात. चिप तीनशे डिग्रीला तापली तरी खालच्या पट्टीपासून सुटू नये, असा जोड त्यांना पायजे. टिकला तर पीएचडी, न्हाई तर तीन वर्षं पाण्यात. नामदेवराव आमचे लॅब असिस्टंट, आधी पूर्णेला रेल्वेत वेल्डर. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून मधल्यामधे.

*

मॅडमनी तांब्याच्या दोन पट्ट्यांत कथील घालून भट्टीत जोडल्या. वाकड्या बसल्या म्हणून म्हणाल्या, "सोडवा." नामदेवरावांनी तेवढीच आच दिली. जोड हलेना.

"कथील तांब्यात मुरलं, आता ते वितळत नाही," मॅडम म्हणाल्या.

"ज्या आचेनं लागलं त्या आचेनं सुटंना, हा कसला जोड वो?"

*

मग चांदीची पेस्ट आली. मी सोनाराला विचारलं, चांदी न वितळता चिकटती का?

"मग आमी काय येड्यागत फुंकणी फुंकायलाव?"

मॅडम म्हणाल्या, "सर, बारीक कण दाबानं एकमेकांत शिरतात." मी मान हलवली. तेवढं मला जमतं.

*

एकदा प्राचार्य आले. चिप तुरीच्या डाळीएवढी. "रिकामीच भट्टी तापवायलात का?" म्हणत ते वाकले आणि शिंकले. चिप गायब. आम्ही दिवसभर फरशीवर रांगलो. दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या फायलीला चिकटलेली सापडली.

*

परीक्षक दसरा झाल्यावर यायचे, त्याआधी खंडेनवमी. मॅडमनी पेस्टवर चिपा ठेवून चार तुकडे तयार केले आणि हात धुवायला गेल्या. येऊन बघतात तर भट्टीला हार, आणि चारी चिपांवर हळदीकुंकू.

"नामदेवराव, हे काय केलंत?"

"हत्याराची पूजा न करता भट्टी पेटवायची का मॅडम?"

मॅडमचे डोळे भरले. तीन चिपा त्यांनी स्पिरिटनं घासून पुसल्या. चौथीपाशी आल्या आणि स्पिरिट संपलं. तशीच भट्टीत गेली.

दसऱ्यानंतर परीक्षकांसमोर चारी जोड तीनशे डिग्रीला तापवून मशीनवर ओढून बघितले. पहिली सुटली. दुसरी सुटली. तिसरी सुटली. मॅडम खुर्चीत बसल्या. चौथीला मशीन ओढून ओढून थांबलं, जोड जागचा हलला न्हाई.

परीक्षकांनी पेन काढला. "छान. हिच्यात वेगळं काय केलं?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी नामदेवरावांकडं.

"सायेब," नामदेवराव म्हणाले, "ती पुसली न्हाई."