डोळ्यात घालायचं नाही

अंधेरीच्या एमआयडीसीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात अक्षता राऊळ माणसाच्या डोळ्यातल्या भिंगाचं प्रोटीन बनवायची. त्यासाठी माणसाच्या डोळ्याला हात लावावा लागत नसे. त्या प्रोटीनचं जनुक जिवाणूंत घालायचं, जिवाणू वाढवायचे, फोडायचे आणि त्या लगद्यातून नेमकं ते प्रोटीन वेगळं काढायचं. मोतीबिंदू का होतो हे शोधणारे संशोधक ते विकत घ्यायचे. प्रत्येक कुपीवर स्पष्ट लिहिलेलं असायचं, फक्त प्रयोगशाळेसाठी, माणसांवर वापरू नये.

हे तिने नाहूरला घरी एकदा सांगितलं आणि तिथून तिच्या डोक्याला ताप सुरू झाला.

तिचे वडील धाकू राऊळ आधी गिरणीत, मग भांडुपला वॉचमन, आता घरीच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलुंडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर धाकू त्यांना म्हणाले, "मी थांबतंय. माझा चेडू डोळ्याचा औषध बनयता."

डॉक्टरांनी अक्षताकडे पाहिलं. तिला कुठे तोंड लपवू असं झालं.

"बाबा, ते औषध नाहीये. किती वेळा सांगू?" ती रिक्षात म्हणाली.

"आज नाय तर उद्या होतला."

मग खालच्या मजल्यावरच्या पद्मजाकाकू बहिणीसाठी एखादी बाटली उरते का, ते विचारून गेल्या. आई वनमालासुद्धा एकदा हळूच म्हणाली, "सगळ्यांका नको. फक्त बाबांका आण गो एक."

"आई, डोळा जाईल त्यांचा."

एके दिवशी घाटकोपरहून घरी येताना धाकूंना बसचा नंबर दिसला नाही. काम अर्धवट असताना अक्षताला त्यांचा फोन आला. "अक्षता, हंय खाडी दिसता." ते ट्रॉम्बेला पोचले होते. हातातलं टाकून ती रिक्षाने तिकडे गेली. धाकू बसस्टॉपवर शांतपणे शेंगदाणे खात होते. चूक बसच्या पाटीची होती, आकडे फार बारीक काढतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यानंतरच्या सोमवारी ती कामावर गेली तर फ्रीजर बंद. हैदराबादच्या प्रयोगशाळेला पाठवायच्या सगळ्या कुप्या त्यातच होत्या. तिने एक उजेडात धरली. काचेसारखं स्वच्छ असायला हवं ते पाणी दुधाळ झालं होतं. दुसरी धरली, तिसरी धरली. सगळ्यांची तीच गत.

"सॉरी यार," तिच्याबरोबर काम करणारा सिद्धेश म्हणाला. "शनिवारी ड्रिल लावायला प्लग काढला होता. परत लावायचा राहिला. पण हलवून बघू ना, क्लिअर होईल."

"उकडलेलं अंडं पुन्हा पातळ करून दाखव मला," अक्षता म्हणाली आणि कुप्या घेऊन आत गेली. महिनाभराचं काम फुकट गेलं होतं.

घरी आल्यावर तिने आईसमोर सगळा राग काढला. धाकू कॉटवर बसून ऐकत होते.

"काय तरी घालून साफ नाय होवचा ता?" त्यांनी विचारलं.

"नाही हो बाबा. एकमेकांत गुंतून घट्ट बसतं. फेकूनच द्यावं लागतं."

धाकूंनी आपल्या डोळ्याकडे बोट केलं. "माझ्या डोळ्यात पण ताच झाला?"

"हो."

"मग काढूकच व्हया."

अक्षताने जेवणाचं ताट खाली ठेवलं. "दीड वर्ष मी दुसरं काय सांगतेय?"

"तू जनुक नि जिवाणू सांगी होतंस. ह्या आज सांगितलंस."

त्यांचं मन फिरायच्या आत, दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने मुलुंडला फोन करून तारीख घेतली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठीक झालं. गढूळ भिंग काढून डॉक्टरांनी प्लॅस्टिकचं बसवलं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन धाकूंनी चारही भिंती नीट न्याहाळल्या.

"ह्यो डाग कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले," वनमाला म्हणाली.

मग त्यांच्या तक्रारींत पंख्यावरची जळमटं निघाली, मोरीतल्या फुटक्या फरशा निघाल्या, वनमालाने रफू केलेल्या पडद्याचा उडालेला रंग निघाला. रविवारी अक्षता पत्र्याचा तुकडा घेऊन स्टुलावर उभी राहून भिंतीचे पोपडे खरवडत होती. सोमवारपासून सगळी बॅच नव्याने लावायची होती. धाकू खाली खुर्ची टाकून बसले होते.

"जरा डावीकडे. थंय नाय, वर."

"दिसतंय मला, बाबा."

वनमाला चहा घेऊन आली आणि स्टुलाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "दुसरो डोळो जरा उशिरान करूया काय?"

"आई, आता तू सुरू होऊ नकोस," अक्षता म्हणाली.