एक लेकरू इकडे, एक तिकडे

जूनच्या सात तारखेला, शनिवारी, डोणगावहून चिखलीला आणलेलं सामान उतरवून झाल्यावर मी मेटॅडोरवाल्याला साडेसहा हजार रुपये मोजून दिले. हजर होतो पाच जण : मी, माझी बायको, आठवीत जाणारी थोरली, तिसरीत जाणारा धाकटा आणि आमचे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. डोणगावात तेवढीच गाडी साडेपाच हजारांत यायला तयार होती. पण ही साडभाऊंनी ओळखीनं ठरवली होती, आणि ओळखीच्या माणसाशी घासाघीस करता येत नाही. "पाहुणे, तुमी बाहेरचे असते तर यानं आठ घेतले असते," ते म्हणाले. मी दमलो होतो. हजार रुपयांसाठी वाद घालायला लागणारी ताकद कपाट उचलण्यात संपली होती.

आमच्या साडभाऊंनी साठीपर्यंतच्या आयुष्यात एकही काम समोरच्या दारानं केलेलं नाही, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो. बाजार समितीत एका अडत्याकडे ते दिवाणजी होते आणि गावातल्या निम्म्या लोकांना नावानं ओळखत होते. उरलेल्या निम्म्यांना ते ओळखणाऱ्यांमार्फत ओळखत. किराणा दुकान समोर उघडं असलं, गिऱ्हाईक एकही नसलं, तरी ते बोळातून मागं जाणार, दुकानदाराच्या आईला हाक मारणार, तिच्या गुडघ्यांची चौकशी करणार, चहा घेणार आणि पाऊण तासानं दोन किलो साखर घेऊन बाहेर येणार. भाव तोच. पण साखर ओळखीची. दवाखान्यात रांग नको म्हणून कंपाउंडर त्यांना आतल्या खोलीत बसवतो आणि विसरून जातो. एकदा मी त्यांच्या मागून रांगेत नंबर लावला, तपासून घेतलं, औषध घेतलं आणि जाताना आत डोकावलो, तर ते स्टुलावर बसून वजनकाट्याकडे पाहत होते. "थांबा, बोलावूनच राह्यले मले," म्हणाले. मेहकरला जायचं तर आदल्या दिवशी कंडक्टरला फोन करून जागा धरायला सांगतात. दुपारच्या त्या गाडीत त्यांच्यासकट कधी नऊ माणसं असतात, कधी सात. त्यांच्या धरलेल्या जागेवर रुमाल मात्र असतो.

आमच्या घरीही ते स्वयंपाकघराच्या दारानंच येत. समोरचं दार उघडंच असे. घर बदलून आम्ही त्यांच्या मागच्याच गल्लीत राहायला आलो, तरी माझं नाव 'पाहुणे' ते 'पाहुणे'च राहिलं.

माझी पतसंस्थेतली नोकरी. बदली चिखलीच्या शाखेत झाली, त्यामुळे हे घर बदलणं. विदर्भातल्या शाळा जूनच्या चौथ्या आठवड्यात उघडतात, म्हणजे माझ्या हातात दोन आठवडे होते. दोन आठवड्यांत गॅसचा पत्ता, विजेचं मीटर, नळाला पाणी न येण्याचं कारण आणि मुलांच्या शाळा. यातली चौथी गोष्ट सोडून बाकी सगळं पुढंमागं झालं तरी चाललं असतं. कारण धाकटा परक्या जागी बोलत नाही. हट्टी नाही, मठ्ठ नाही, घरात पाढे आमच्याआधी म्हणतो. पण नवी माणसं दिसली की तोंड बंद, आणि मग जे काही सांगायचं ते बहिणीच्या कानात. डोणगावला दोघं एकाच आवारात होती. मधल्या सुट्टीत हा तिच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. ती डबा उघडून द्यायची, लघवीला नेऊन आणायची. गेल्या वर्षी ती तापानं घरी होती ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. म्हणून मी साडभाऊंना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं : दोघं एका शाळेत आणि एका गाडीत. बाकी शाळा कोणतीही चालेल.

"त्यात काय एवढं," ते म्हणाले. "टीसी द्या मायाजवळ दोघाईच्या."

मी दोन्ही मूळ दाखले त्यांच्या हातात दिले. कार्यालयातून मला रजा मिळत नव्हती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते मागच्या दारानं आले. हातात पेढ्यांचा पुडा होता. "घ्या, तोंड गोड करा. दोघाईचे नाव लागले."

"कोणत्या शाळेत?" मी विचारलं.

"बाईचं उगवतीकडच्या शाळेत, छोटे साहेबाचं मावळतीकडच्या."

बायकोच्या हातातला पेढा हातातच राहिला. मला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. ते उगवतीकडच्या शाळेत गेले होते, अर्थात मागच्या गेटनं. तिथल्या शिपायामार्फत एका गुरुजींना भेटले आणि दोन्ही मुलांसाठी शब्द घेऊन बाहेर पडले. परत येताना बसस्टँडमागच्या टपरीवर मावळतीकडच्या शाळेतले बाबू भेटले. ते साडभाऊंचे वर्गमित्र, चाळीस वर्षं रोज सकाळी तिथंच सोबत चहा पिणारे.

"थो म्हणे, मी बसलो असतानी तिकडं काऊन नेऊन राह्यला लेकरं? आता त्याले नाही कसं म्हणाव, पाहुणे? अन् इकडं गुरुजीले हो म्हणून बसलो. मंग काय, दोघाईचा मान ठेवला. एक लेकरू याईच्याकडं, एक त्याईच्याकडं."

"भाऊजी," बायको शांतपणे म्हणाली, "लेकरं आहेत ती. आहेरातले टॉवेल-टोप्या नाहीत, दोन्ही व्याह्यांना एकेक द्यायला."

साडभाऊ पुड्याची सुतळी गुंडाळत बसले. त्यांना मूलबाळ नाही, हे इथं सांगून ठेवतो. गावातल्या कितीतरी मुलांची नावं त्यांनी आजवर शाळांत लावून दिली. घरातलं म्हणावं असं नाव लावायची ही त्यांची पहिलीच वेळ होती, आणि पेढे त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणले होते. म्हणून मी त्या दिवशी एक पेढा उचलून तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी उगवतीकडच्या शाळेत गेलो. समोरच्या गेटनं गेलो, खिडकीशी उभा राहिलो, विचारलं. तिसरीत जागा होत्या. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "टीसी घेऊन या, लगेच नाव घेते. ओळखीची काही गरज नाही." टीसी मावळतीकडे जमा होती. तिकडं गेलो, तर बाबूंनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि हसत म्हणाले, "तुमच्या साडभाऊच्या शब्दावर घेतलं नाव. आता वापस पाहिजे असन तर त्यालेच पाठवा. माह्या तोंडावर मागू द्या त्याले."

ते साडभाऊंना जमणारं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी कुणाला नाही म्हटलेलं नाही, म्हणून तर ही वेळ आली. "पाहू," म्हणाले. मग, "आठ दिवस जाऊ द्या, लेकरू रुळते." मग तीन दिवस दिसलेच नाहीत. मागचं दार आम्ही उघडं ठेवत होतो.

शाळा उघडायचा दिवस आला. उगवतीकडे जाणाऱ्या ऑटोत थोरलीला जागा मिळाली, महिना सातशे. मावळतीकडचे ऑटो भरलेले. त्या सकाळी साडभाऊ आपली जुनी मोपेड घेऊन हजर झाले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "छोटे साहेबाले मी नेतो-आणतो." धाकटा मागं बसला, त्यांच्या सदऱ्याची दोन टोकं मुठीत धरून. ऑटो एका बाजूला गेला, मोपेड दुसऱ्या. आम्ही नवराबायको दारात उभे होतो. कुणाकडे पाहावं ते कळेना.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा मोपेड समोरच्या दाराशी लावलेली होती. साडभाऊ पायरीवर बसले होते. धाकट्याची चड्डी बदलून झाली होती, डबा तसाच भरलेला ओट्यावर होता आणि थोरली त्याला भरवत होती.

"मी गेटवर उभा होतो," साडभाऊ म्हणाले. "मले पाह्यलं, पण बोललं नाही लेकरू. म्या म्हणलं, कसं काय साहेब? काही नाही. मोपेडवर बसलं. लय दूर आलो आमी. मंग मागून कानात म्हणे, काका, सू झाली होती." मग म्हणाले, "दिवसभर वल्ल्या चड्डीवर बसून होतं. कोनाले सांगन?"

बायकोनं चहा आणला. त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दाखल्यासाठी शेवटचा प्रयत्न करून पाहावा म्हणून मावळतीकडच्या शाळेत गेलो, तर कार्यालयाच्या खिडकीपुढं पालकांची रांग होती आणि रांगेत साडभाऊ उभे होते. धुतलेला सदरा, हातात काही नाही. पुढच्या माणसानं वळून विचारलं, "काकाजी, तुमी अन् लायनीत?"

"हाव," ते म्हणाले.

खिडकीतून बाबूंनी त्यांना पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात हाक दिली, "अबे, तिथं काय उभा राह्यला? मागून ये ना आत."

"नाही. इथूनच ठीक हाये." साडभाऊ जागचे हलले नाहीत. नंबर आल्यावर खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "लेकराची टीसी वापस पाहिजे."

"कामून? तूच शब्द देल्ला ना मले?"

"शब्द माहा होता. लेकरू माह्या साडभावाचं हाये."

बाबूंनी अर्ज लिहून घेतला, सही घेतली, मुख्याध्यापकांचा शिक्का आणला. सगळं नियमानं. दाखला खिडकीतून सरकवताना त्यांनी वर पाहिलं नाही. साडभाऊंनी तो घडी न घालता माझ्या हातात दिला. "जा लवकर. तिकडं दुपारी खिडकी बंद होते," म्हणाले. मी निघालो तेव्हा ते अजून गेटपाशीच उभे होते, आत पाहत.

आता दोघं एका शाळेत जातात. मधल्या सुट्टीत धाकटा आठवीच्या दाराशी उभा असतो. अलीकडे त्यानं वर्गातल्या एका मुलाला स्वतःहून पेन्सिल मागितली, असं थोरलीनं येऊन सांगितलं. साडभाऊंनी ते माझ्याकडून दोनदा आणि तिच्याकडून एकदा ऐकलं.

आठवड्यानं माझ्या लक्षात आलं की साडभाऊ सकाळी बसस्टँडकडे जात नाहीत. बायकोच्या बहिणीनं सांगितलं, बाबू त्यांना पाहून टपरीवर पाठ करून बसतात. एकदा गेले, एकदाच. मी म्हटलं, मी जाऊन बोलतो. "राहू द्या, पाहुणे," ते म्हणाले. "बरोबरच हाये त्याचं."

शेवटी हिशेब असा झाला : ऑटोवाल्याला दोघांचे मिळून महिना चौदाशे, मी देतो, पाच तारखेच्या आत. मोपेडच्या पेट्रोलचे पैसे साडभाऊंनी घेतले नाहीत. आणि साडभाऊ आता रोज सकाळी आठवडी बाजाराच्या चौकात जातात. तिथल्या चहावाल्याशी त्यांची ओळख नाही. समोरून जातात, उभ्याउभ्या चहा पितात, त्याला दहा रुपये देतात आणि घरी येतात.