वरातीच्या गाडीचा काटा

तीस वर्षं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. एक मोटार विरामावस्थेतून निघते आणि दहा सेकंदांत ताशी शंभर किलोमीटर वेग गाठते, हे गणित मी फळ्यावर इतक्यांदा घातलं की ती मोटार एक दिवस माझ्याच दारात येऊन उभी राहील असं मला वाटायला लागलं होतं. खांदा कॉलनीतल्या आमच्या दारात खरी उभी होती ती एक लहानशी गाडी. ती ऐंशीला पोचली की थरथरायची आणि शेजारी बसलेला माझा नवरा तिच्याहून जास्त थरथरायचा. निवृत्त झाले त्याच आठवड्यात मी घरात जाहीर करून टाकलं की मरायच्या आत एकदा तरी शंभरचा काटा मला स्वतःच्या पायाने गाठायचाय, तोही न थरथरता. मरायच्या आत आणि शंभरचा काटा हे शब्द एका वाक्यात घालू नयेत, एवढंच नवरा म्हणाला.

नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. हे आमच्यात भांडणाचं कारण कधीच नव्हतं, पण गाडी विकणाऱ्या लोकांना ते पटत नाही. द्रोणागिरीच्या बाजूला एका गावात मी शोधून काढलेली गाडी बघायला आम्ही गेलो, तेव्हा त्या घरातले दोन्ही मुलगे इंजिनाची सगळी माहिती त्यालाच सांगत होते. तोही गंभीर चेहऱ्याने मान डोलवत होता. मी मधूनच एखादा प्रश्न विचारला की उत्तर त्याच्याकडे बघून यायचं. पाचव्या प्रश्नाला त्याने हात जोडून सांगितलं की गाडी बाई घेणार, बाईच चालवणार, मी फक्त घाबरायला आलोय.

गाडी मात्र बघत राहावी अशी होती. पांढरी, लांबलचक, जर्मन, एके काळी मोठ्या कंपनीच्या मोठ्या साहेबाला शोभली असती अशी. वय चौदा, म्हणजे नववीतलं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांचं वय, त्यामुळे खोड्या असणार हे धरूनच चालले होते. मिठागरं आणि शेतं गेली, त्यांच्या जागी गोदामं उभी राहिली, आणि त्या पैशातून या घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी हौसेने ही गाडी आणली होती. आता मुलांनी उंच, रुबाबदार गाड्या घेतल्या होत्या आणि हिला अंगणात जागा उरली नव्हती.

माझ्या मनात खटकला तो मीटर. चौदा वर्षांच्या मानाने गाडी जेमतेम चालली होती. मीटर मागे फिरवलाय, हे मी वर्गात कॉपी पकडावी तशा आवाजात बोलून दाखवलं. मुलगे एकमेकांकडे बघायला लागले. ओटीवर बसलेले बाबा हसले.

"मॅडम, मीटरला कोनी हात लावला नाय. ही गारी वरातीची हाय."

मग उलगडा झाला. चौदा वर्षं ही गाडी गावातल्या नवरदेवांना घेऊन बेंजो पार्टीच्या मागून चालली होती. देवळापासून मांडवापर्यंत, मांडवापासून घरापर्यंत, नाचणाऱ्यांच्या पावलाने. दोनशेच्या वर आकडे लिहिलेल्या तबकडीवरचा तिचा काटा दहाच्या पुढे क्वचितच सरकला होता. बाकीचे दिवस ती कापडाखाली झाकून ठेवलेली असायची. इतकी पळणारी गाडी घेऊन तिला जन्मभर चालायला लावायचं, हे फक्त आमच्या पनवेल-उरणकडेच सुचू शकतं. मला तिचं फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर माझंही वाटलं. आम्ही दोघींनी वेग नुसता लिहून ठेवला होता, तिने तबकडीवर आणि मी फळ्यावर. गाडी घ्यायचं मी त्याच क्षणी ठरवलं.

आठवडाभरात कागदपत्रं झाली आणि आम्ही ती आणायला गेलो. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला आणि थोरल्या मुलाने किल्ली माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. नवऱ्याने ती प्रसाद पुढे द्यावा तशी माझ्याकडे दिली. मी स्टिअरिंग धरून बसले, तेव्हा बाबा काठी टेकत खिडकीशी आले. एक लगीन बाकी आहे, म्हणाले.

त्यांच्या मिठागरावर जन्मभर राबलेला एक माणूस होता. आपटा गावाजवळच्या आदिवासी वाडीतला. मिठागर गेलं, तो वाडीवर परतला, कधी वीटभट्टीवर तर कधी बांधकामावर जायला लागला. पण गावात लग्न असलं की आदल्या दिवशी गाडी धुवायला त्यालाच बोलावणं जायचं. आता त्याच्या मुलीचं लग्न येत्या रविवारी होतं.

"समद्या गावाच्या वरातीला त्यानं धुतली," बाबा म्हणाले. "मी बोललेलो, तुजी पोर यातूनच सासरी जाईल. गारी पोरांनी इकली. शब्द माजा हाय."

धाकटा मुलगा ओशाळला. बाबा, ती आता मॅडमची गाडी आहे, असं त्याने समजावून पाहिलं. बाबा त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा हात खिडकीच्या काचेवरून निघत नव्हता. आणते, म्हटलं. मोठेपणाने म्हटलं असं कुणाला वाटायला नको. पुढे मोकळा रस्ता दिसत होता आणि त्या घटकेला मी कशालाही हो म्हटलं असतं.

मोकळा रस्ता वळणापर्यंतच होता. पुढे बंदराकडचे कंटेनर एकामागे एक उभे होते आणि त्यांच्यामधून मी माझी दोनशेची गाडी ताशी पंधराने सरकवत होते. उकडायला लागलं म्हणून मी एसीचा पंखा शेवटच्या आकड्यावर नेला. आतून खडखड आवाज आला आणि समोरच्या जाळ्यांतून पिवळ्या अक्षता, गुलाबाच्या वाळक्या पाकळ्या आणि चमचमत्या कागदाचे कपटे सगळे एकदम बाहेर आले. चौदा वर्षांची लग्नं माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर पडली. त्याने ओरडायला तोंड उघडलं, तर त्यातही दोन दाणे गेले.

गव्हाण फाट्याला चहाच्या टपरीवरच्या चार पोरांनी गाडी ओळखली. आतला नवरदेव बघायला ते वाकले, तर केसांत अक्षता घेऊन बसलेला, साठी ओलांडलेला, भेदरलेला गृहस्थ दिसला. एकाने आदराने नमस्कार केला. दुसऱ्याने माझ्याकडे बघून नवरीबाई स्वतःच गाडी चालवतेय असं काहीतरी म्हटलं. नवऱ्याने पनवेलपर्यंत माझ्याशी अबोला धरला. मी हसू दाबत होते, फार जमलं नाही. कॉलनीतल्या प्रत्येक गतिरोधकावर गाडी पोट घासत, कण्हत घरी आली. त्या दिवशीचा माझा सर्वोच्च वेग बेचाळीस.

हुरहूर लागून राहिली. आठवड्यात गॅरेजवाल्याने तेल, पट्टे, टायर बदलले आणि वर सांगितलं की इंजिन ठणठणीत आहे, बिचारीला कुणी पळवलीच नाही. रविवारी पहाटे उठून एकटीनेच महामार्गावर जायचं असं मी ठरवलं होतं. मग आठवलं की रविवारी लग्न आहे. मी चरफडले, शब्द दिल्याबद्दल स्वतःला बोल लावला, आणि साडी नेसून एकटीच आपट्याला निघाले.

मुलीचे वडील वाडीच्या तोंडाशीच उभे होते. खांद्यावर पिवळं फडकं. मी नमस्कार करेपर्यंत ते बॉनेट पुसायला लागलेही होते. आज तुम्ही मुलीचे बाप आहात, राहू द्या, असं मी म्हटलं. ते लाजले, पण हात थांबला नाही. बसायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी चपला काढून हातात घेतल्या. मी त्या त्यांना पुन्हा पायात घालायला लावल्या. नवरा-नवरी मागे आणि पाठराखणीला खुद्द बापच पुढे, असे आम्ही निघालो. वाडीच्या बाहेर पडेपर्यंत पुढे ढोल आणि नाचणारी माणसं. माझा काटा पाचवर. मी निमूटपणे पाय ब्रेकवर धरून बसले होते, गाडीला तर सवयच होती.

नवऱ्या मुलाचं घर पेणच्या पुढे होतं. महामार्गाला लागलो आणि मी सवयीने पन्नासवरच राहिले, कारण आता मागे दुसऱ्याची लेक होती. थोड्या वेळाने तीच पुढे वाकली.

"बाई, ही खरंच पलते का? बा सांगतो पलते. पन त्यानं बी कवा बघली नाय."

मी तिच्या बापाकडे पाहिलं. ते समोर बघत होते आणि मांडीवरचं फडकं त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. रस्ता सरळ होता, रिकामा होता, कडेची पाटी शंभरची होती. पाटी मी दोनदा वाचली. मग सगळ्यांनी सीटचे पट्टे लावलेत ना ते विचारलं आणि पाय दाबला.

गाडी थरथरली नाही. नुसती पाठ आसनाला टेकली आणि झाडं मागे गेली. काटा ऐंशी ओलांडून शंभरवर जाऊन थांबला. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. मागे नवरी हसत होती, तिचा नवरा देवाचं नाव घेत होता आणि शेजारी बाप काचेला कपाळ लावून खाली पळणारा रस्ता बघत होता. "पलते," ते हळूच म्हणाले.

मुलीला सोडून तिचे वडील आणि मी परतलो. येताना ते रडले आणि मीही रडले. वाडीशी मी गाडी थांबवली. काचेवर पळणाऱ्या गाडीलाच चिकटतात तसे किडे चिकटले होते, पांढऱ्या अंगावर धुळीचा जाड थर बसला होता. ते उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि फडकं उचललं. माझा हात त्यांना थांबवायला पुढे झाला होता, पण त्याआधीच त्यांनी फडक्याची नीट घडी केली आणि खांद्यावर टाकली.

"आज नाय पुसत," ते म्हणाले.