एकवीसपैकी एकवीस

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी कधी लपवलं नाही. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर दिली तरी मी ती जुडी उलटून बघते. नांदेडच्या आमच्या संस्थेत याच गुणावर मला दर मार्चला वार्षिक आढाव्याचं काम मिळायचं. गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या वह्या तपासायच्या आणि प्रत्येक गावापुढे शेरा लिहायचा. त्या शेऱ्यांवरून पुढच्या वर्षाचं नियोजन व्हायचं, आणि कोणाला ठेवायचं, कोणाला नाही, तेही त्यातच ठरायचं.

त्या वर्षी किल्लारीकडच्या एका गावाची वही हातात आली आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. महिलांच्या आरोग्य बैठकीची, महिन्याला एक अशी बारा पानं. प्रत्येक पानावर एकवीसपैकी एकवीस हजर. मे महिन्यात लग्नसराई, जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, तरी एकवीसच. आमच्या ऑफिसात सात माणसं आहेत, आणि सातही जण एका दिवशी हजर असल्याचं मला आठवत नाही.

वही ठेवणारी ताई त्याच गावची होती. पन्नाशीची, सातवी शिकलेली, गळ्यात इष्टलिंग, बोलणं कमी. मीटिंगला नांदेडला आली की मागच्या खुर्चीवर बसायची. तिचा करार मार्चअखेर संपत होता आणि लेकीच्या नर्सिंगची सगळी भिस्त त्याच्यावर होती, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी तिला न कळवता निघाले. कळवलं तर ती तयारी करून ठेवेल, असं मला वाटलं.

लातूरपर्यंत एसटी, तिथून दुसरी बस आणि शेवटी जीप. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, रुंद सरळ रस्ते आणि ओळीनं सारखी घरं. मी किराणा दुकानाच्या पायरीवर बसून दुकानदाराला वहीतल्या बायांची नावं एकेक करून विचारायला लागले. सहा नावांना त्यानं होकारार्थी मान हलवली. सातव्याला म्हणाला, "त्या श्रावणातच वारल्या की."

वहीत श्रावणानंतरची सात पानं होती. सातही पानांवर त्या बाई हजर, आणि नावापुढे सही. खरं सांगते, मला आनंद झाला. इतक्या वर्षांत एवढी मोठी चोरी कधी हाती लागली नव्हती. मी तिथूनच आमच्या संचालक सरांना फोन लावला आणि वही खोटी आहे, मेलेल्या बाईच्या सह्या आहेत, असं सांगून टाकलं. देणगीदारांकडे यादी आता पाठवतोच आहे, हे गाव लाल रंगात टाकतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तेवढ्यात कोणीतरी सांगितलं म्हणून ताई आली. न कळवता का आलात, असं एका शब्दानं विचारलं नाही. घरी नेलं, चहा ठेवला. मी वही उघडून सातव्या नावावर बोट ठेवलं. तिला माझा प्रश्नच कळेना.

"सून येती की त्यांची," ती म्हणाली. "आमच्यात आवतन बाईला नसतंय मॅडम, घराला असतंय. एक जरी घर चुकलं तर बाया नावं ठेवतेत."

मग हळूहळू उलगडा झाला. बैठकीच्या आदल्या दिवशी ती हळदीकुंकवाला बोलवावं तशी दारोदार जायची, कुंकू लावून आवतन द्यायची. मग त्या घरातून ज्या बाईला सवड असेल ती यायची. कधी सासू, कधी सून, कधी माहेरपणाला आलेली लेक. पहिल्या दिवशी जी दारात उभी होती तिचं नाव घरांच्या ओळीनं वहीत उतरलं होतं, पुढे त्या घरातून जी येईल ती त्याच नावापुढे आपली सही करायची. आवतन मिळालेल्या घरातून कोणी न येणं अपमानाचं, म्हणून बारा महिने एकही घर चुकलं नव्हतं.

मेलेल्या बाईची सून पोराला कडेवर घेऊन आली. आधी मला नीट न्याहाळलं. हे बंद करायला आलात का, असं तिनं विचारलं. तिलाही माझा संशय आला होता, आणि तो खरा होता. मग माझ्या हातातल्या कपाकडे बघून म्हणाली, "लोहाची गोळी घेत असाल तर चहासंगं घिऊ नका. लिंबासंगं घ्या."

परतताना जीपच्या थांब्यावरून मी सरांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, यादी गेली. मेलेल्या बाईची सही आता देणगीदारांना कशी समजावू, असं त्यांनीच मला विचारलं. समजावता आलं असतं. पण त्यासाठी आधी कबूल करावं लागलं असतं की, मी ताईला एक शब्द विचारायच्या आत फोन केला होता. मी बरं म्हणाले आणि जीपमध्ये बसले. त्या 'बरं'ची मला आजही लाज वाटते. ताईचा करार नवा झाला नाही.

पुढच्या मार्चला त्याच गावची वही आली. नवी कार्यकर्ती लातूरची, शिकलेली, बैठकीचा निरोप मोबाइलवर टाकणारी. मेलेल्या बाईचं नाव नियमानं काढलेलं. गैरहजर बायांपुढे लाल रेघ. एका महिन्यात हजर नऊ, एकात अकरा, काढणीच्या महिन्यात चार. सर खूश झाले, ही वही कशी खरी वाटते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी पानं उलटत त्या सुनेचं नाव शोधत होते. ते कुठेच नव्हतं. सर शेऱ्यासाठी थांबले होते. मी लिहिलं, 'नोंदी विश्वासार्ह', आणि खाली सही केली.